गिऱ्हाईक आणि मंडळी: बाजाराच्या काळातली ख्रिस्ती उपासना

तेरमध्ये बसून बाजाराला नावं ठेवणं शोभणार नाही. हे गाव बाजारावरच मोठं झालं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ते लिखाण ओळखलं जातं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं मोठं शहर आहे आणि तिथून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांमधून भडोचच्या बंदराला जाते, असं त्यात नोंदवलेलं आहे. हे तगर म्हणजेच आपलं तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली मांडलं. इथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात एक फेरी मारली की या गावाच्या जुन्या व्यापाराची ओळख पटते.

आणि याच गावाने गोरोबाकाका दिले. कुंभार माणूस. चिखल तुडवणारा, मडकी भाजणारा आणि ती विकणाराही. म्हणजे भक्ती करायची तर बाजार सोडावा लागतो, असं या मातीने कधी म्हटलेलं नाही. तेव्हा आज आपण जो विषय घेतला आहे, चंगळवादाचा किंवा बाजारू संस्कृतीचा ख्रिस्ती उपासनेवर आणि मंडळीवर होणारा परिणाम, त्याची सुरुवात 'बाजार वाईट' इथून करता येत नाही. बाजार बाजाराच्या जागी ठीकच आहे. अडचण एका सवयीची आहे, आणि ती सवय आपण कुठवर नेतो याची आहे.

गिऱ्हाईकाची सवय काय असते बघा. वांगी घेताना आपण उलटून पालटून बघतो, भाव करतो, पटलं नाही तर शेजारच्या पाटीकडे वळतो. यात गैर काहीच नाही, उलट असं न करणाऱ्याला घरी बोलणी बसतात. पण हीच नजर घेऊन माणूस रविवारी उपासनेला बसला तर? 'आज संदेश जमला नाही.' 'त्यांच्याकडचं म्युझिक भारी असतं, आपल्याकडे अजून तीच पेटी.' 'मला तिथे काही मिळत नाही.' ही वाक्यं आपल्याला इतकी ओळखीची झाली आहेत की ती दुकानातली आहेत हे लक्षातही येत नाही. 'मला मिळत नाही' असं म्हणताना उपासना ही घेण्याची वस्तू झालेली असते. कुणीतरी ती तयार करतं, कुणीतरी वाढतं आणि आपण चव बघतो.

२०२० च्या टाळेबंदीत उपासना मोबाईलवर आली. त्या वेळी ती गरज होती आणि अनेक एकट्या, आजारी माणसांना तिचा आधार झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याबरोबर अंगठ्याला एक नवी ताकद मिळाली. संदेश लांबला की पुढे सरकवा, आवडला नाही की दुसरा पाळक लावा. (तुम्हीही हे व्याख्यान बहुधा तसंच वाचत आहात, मध्येच सोडून जाऊ शकता. व्याख्यानाचं तसं चालतं. व्याख्यान म्हणजे मंडळी नव्हे.) खेड्यातल्या चाळीस माणसांच्या मंडळीचा पाळक आता शेजारच्या गावाशी तोलला जात नाही, तो जगातल्या सगळ्यात गाजलेल्या प्रवचनकारांशी तोलला जातो. मग तोही बिचारा मोठा स्पीकर घेतो, एलईडी पडदा घेतो, हप्ते भरतो. हप्ते भरायचे म्हणजे दान वाढायला हवं, दान वाढायला गर्दी हवी, आणि गर्दीला रोज काहीतरी नवीन हवं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की कुणाला दोष द्यावा तेच कळत नाही.

तेरहून कापडाच्या गाड्या भडोचकडे जात होत्या त्याच शतकात ग्रीस देशात करिंथ नावाचं दुसरं एक बाजारपेठेचं शहर होतं. दोन बंदरांच्या मध्ये वसलेलं, पैसा खेळणारं. पहिल्या शतकाच्या पन्नाशीत पौलाने तिथल्या लहानशा मंडळीला पत्रं लिहिली. ती आज वाचताना वाटतं की आपल्याच गावची तक्रारवही उघडली आहे. लोक म्हणत, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा. म्हणजे आवडत्या वक्त्याभोवती गट पडले होते. प्रभुभोजनाला ज्यांना वेळ आणि पैसा होता ते आधी येऊन खाऊन घेत. कष्टकरी, गुलाम उशिरा पोचत तेव्हा त्यांच्यासाठी काही उरलेलं नसे. पौल यावर चिडतो, आणि त्याचा मुद्दा शिष्टाचाराचा नाही. ज्या जेवणात शेवटी येणाऱ्याची वाट पाहिली जात नाही ते प्रभूचं भोजनच नव्हे, इथपर्यंत तो जातो.

दुसऱ्या पत्रात देवाच्या वचनाचा धंदा करणाऱ्यांबद्दल बोलताना त्याने जो ग्रीक शब्द वापरला तो 'कापेलोस' या शब्दावरून आलेला आहे. कापेलोस म्हणजे किरकोळ विक्रेता, आणि त्यातही दारूत पाणी मिसळून विकणारा अशी त्याची ख्याती. पौल स्वतः तंबू शिवण्याचं काम करून पोट भरत होता आणि करिंथकरांकडून त्याने मोबदला घेतला नाही. विकणाऱ्याला माल गिऱ्हाईकाच्या चवीप्रमाणे पातळ करावाच लागतो. तो पातळ करायची पाळी येऊ नये म्हणून त्याने हातात सुई धरली, असं आम्हांला वाटतं.

येशूने मंदिरात चौरंग उलथवले तो प्रसंग या विषयावर बोलताना हमखास सांगितला जातो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या बाजूने. तिथे कबुतरं विकली जात होती. कबुतरांची जोडी हे गरिबाचं अर्पण होतं. ज्याला कोकरू परवडत नाही त्याच्यासाठी नियमशास्त्राने केलेली ती सोय, आणि येशूच्या जन्मानंतर त्याच्या आईवडिलांनी हीच सोय वापरली. नाणी बदलून देणारे तरी काय करत होते? मंदिराचा कर ठराविक नाण्यांतच घेतला जाई, म्हणून ती बदलून देत. म्हणजे हा भाविकांच्या सेवेसाठीचाच बाजार होता. पण तो मांडला होता बाहेरच्या अंगणात, जिथपर्यंत परक्या लोकांना येता येत असे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सोयीच्या नावाखाली बाहेरून येणाऱ्याची जागाच भरून गेली. कुठल्याही नव्या सोयीबद्दल पाळकाने हा प्रश्न विचारायला हवा, की ही कुणाच्या जागेवर मांडली आहे.

मराठवाड्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. इथल्या आणि नगर-सोलापूरकडच्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे होते. सार्वजनिक आडावर पाणी भरता येत नव्हतं, देवळाची पायरी चढता येत नव्हती. त्यांना मंडळीत एक सतरंजी आणि एक प्याला मिळाला. सगळे त्याच सतरंजीवर बसणार, त्याच प्याल्याला ओठ लावणार. प्रत्यक्षात तिथेही जात शिरली, हे आपण सगळे जाणतो. तरी वचन दिलं गेलं होतं ते त्या सतरंजीचं होतं. आता त्याच मंडळीच्या कार्यक्रमात पुढे पांढरं कापड घातलेले सोफे लागतात. देणगीदार, पुढारी, शहरातून गाडी घेऊन आलेले पाहुणे त्यावर, आणि मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. छतावरच्या पंख्याच्या पात्यांवर रंगाने नाव लिहिलेलं: अमक्यांच्या स्मरणार्थ अमक्यांकडून. पंखा फिरत असला की नाव दिसत नाही, एवढाच काय तो दिलासा. सोन्याची अंगठी घालून आलेल्या माणसाला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला पायाशी, असं करणाऱ्या मंडळीला याकोबाच्या पत्रात चांगलंच सुनावलेलं आहे. जातीने उभी केलेली भिंत पाडायला पिढ्या गेल्या, आणि पैशाने तीच भिंत दोन तासांच्या कार्यक्रमासाठी परत उभी करता येते.

मग उपाय काय? लोकांना रागावून काही होत नाही, हे आधी मान्य करू. चंगळवादाविरुद्ध जोरदार प्रवचन झालं तर लोक म्हणतात, 'आजचा संदेश मस्त होता,' आणि तेही एक गिऱ्हाइकी शेराच ठरतो! आमच्या मते मराठी ख्रिस्ती परंपरेत एक जास्त कामाचा धडा पडून आहे, आणि तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा आहे.

टिळकांना आपण फुलांमुलांचे कवी म्हणून शाळेत भेटतो. १८६१ चा जन्म, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा, पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम. त्यांना दिसलेली मंडळी आजच्या उलट अवस्थेत होती. तिच्याकडे पैसा नव्हता. शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, पाळकाचा पगारही मिशनचा. गाण्यांपैकी बरीच इंग्रजीवरून आलेली, तिकडच्याच चालींवर म्हणायची. म्हणजे सगळं तयार मिळत होतं. गिऱ्हाईक व्हायला खिशात पैसे लागतातच असं नाही, ही गोष्ट इथे समजून घेण्यासारखी आहे. फुकट मिळणाऱ्या मालाचंही गिऱ्हाईक असतं. दोघांमध्ये सारखं काय, तर करणारा दुसरा आणि घेणारा आपण.

टिळकांनी दोन गोष्टी केल्या. पहिली गाण्याची. त्यांनी भजनं, अभंग, पदं लिहिली, जी टाळ-मृदंगावर बसतात, जी अक्षरओळख नसलेली बाईही दोनदा ऐकून तिसऱ्यांदा म्हणू शकते. कीर्तनाचा मार्ग नगर भागातल्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी त्यांच्या आधीच धरला होता, टिळकांनी त्याला बळ दिलं. आजही 'उपासना संगीत' उघडलं की पानोपानी त्यांचं नाव दिसतं. लोक याकडे 'देशी रूप दिलं' एवढ्यापुरतं बघतात, पण त्यात एक पाळकीय शहाणपण आहे. भजनात श्रोता नावाचा वेगळा वर्गच नसतो. मुख्य गाणारा ओळ टाकतो आणि बाकीच्यांनी ती उचलली नाही तर भजन तिथेच बसतं. वारकऱ्यांच्या या मुलखात ते सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. १९१७ साली त्यांनी मिशनचं वेतन सोडलं आणि साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एकत्र येतील असा बंधुभाव त्यांच्या मनात होता. घराची काय ओढाताण होत असे याचा अंदाज लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'वरून येतो, आणि त्या काही नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवून लिहिणाऱ्या नव्हत्या. दोनेक वर्षांत, १९१९ साली, टिळक गेले. दरबार पुढे मोठी संस्था झाला नाही. ज्यांना आकडे मोजायची सवय आहे ते याला अपयश म्हणतील. पण त्यांनी लिहिलेली भजनं शंभर वर्षांनंतरही खेड्यापाड्यांत म्हटली जातात, आणि म्हणणाऱ्यांना ती कुणी 'दिली' असं वाटत नाही, आपलीच वाटतात.

केडगावच्या मुक्ती मिशनची गोष्टही याच जातीची. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून साध्या मराठीत बायबल आणलं आणि तिथल्याच स्त्रियांनी ते छापलं. दुष्काळात, वैधव्यात टाकून दिलेल्या बायका, ज्यांना कुणीही 'लाभार्थी' म्हणून मोकळं झालं असतं, त्यांच्या हातात तिथे छापखाना आला.

कॅथोलिक बाजूलाही हे पाऊल पडलेलं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने भाविकांनी परक्या, मुक्या प्रेक्षकांसारखं बसू नये, जाणतेपणाने भाग घ्यावा, असा आग्रह धरला. त्यातूनच लॅटिन मिस्सा मराठीत आला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्या जिल्ह्याला चांगले ठाऊक आहेत. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि त्या संमेलननगरीला नाव गोरोबाकाकांचं होतं. त्याच दिब्रिटोंनी 'हरित वसई'च्या लढ्यात वर्षानुवर्षं जमिनीसाठी आणि पाण्यासाठी झगडा केला. जमीन ही नुसती विकायची वस्तू झाली की गाव कसं विस्कटतं, हे त्यांना दिसत होतं. उपासनेतला चंगळवाद आणि जमिनीचा चंगळवाद त्यांच्या लेखी वेगळे नव्हते.

आता आजच्या पाळकाच्या हातात काय आहे? गाण्यापासून सुरुवात करता येते आणि त्याला पैसाही लागत नाही. गाणं निवडताना 'सगळ्यात कच्च्या गळ्याला हे झेपेल का' हा एक प्रश्न पुरे. पट्टी खाली आणा. निदान एक गाणं वाद्यांशिवाय होऊ द्या, म्हणजे लोकांना एकमेकांचा आवाज ऐकू येईल. स्पीकर एवढा मोठा की शेजारच्याचं गाणं ऐकू येत नाही, अशा ठिकाणी माणसं हळूहळू गायची थांबतात. ती तोंडं नुसती हलवतात.

लग्नांचं प्रकरण जास्त नाजूक. ड्रोन, डीजे, लग्नाआधीचं चित्रीकरण, आणि मग मुलीच्या बापाचं कर्ज. इथे पाळकाने एकट्याने नियम घालू नयेत. गरिबाला नियम लागतो आणि श्रीमंत दुसरीकडे हॉल घेतो. मंडळीने मिळून भांडी, सतरंज्या, मांडवाचं सामान घेतलं आणि सगळ्यांनी तेच वापरायचं ठरवलं, तर बोलण्यापेक्षा जास्त काम होतं. गावागावांत देवस्थानांची, समाजांची अशी भांडी असतातच. आपण काही नवीन शोधत नाही.

पण आम्हांला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती सुगीच्या सणातली गोष्ट, कारण तिथे बाजार खुद्द मंडळीच्या अंगणात येतो. काही ठिकाणी याला उपकारस्तुतीचा सण म्हणतात. लोक कणसं, भोपळे, कोंबड्या, अंडी, नारळ, शिधा असं काय काय आणून वेदीपुढे ठेवतात, आणि उपासना संपली की त्याचा लिलाव होतो. काही रुपयांच्या अंड्यावर पन्नासाची बोली लागते. ज्याने घेतलं तो पैसे देतो आणि अंडं परत करतो, 'पुन्हा लिलाव करा.' एकच अंडं पाच वेळा विकलं जातं. मोठी गमतीची गोष्ट आहे ही! बाजाराचा पहिला नियम म्हणजे कमीत कमी पैशात जास्तीत जास्त माल, आणि इथे तो उलटा टांगलेला. माल घ्यायचाच नाही, पैसे मात्र द्यायचे. हसत हसत.

पण याच लिलावाला दुसरं तोंडही आहे. बोली दोघांमध्येच रंगते, दोन्ही नोकरदार किंवा दोन्ही पुढारी. नावं माईकवरून पुकारली जातात, मोबाईलवर चित्रीकरण होतं. ज्या म्हातारीने घरच्या कोंबडीची दोन अंडी पदराखाली झाकून आणली, ती मागे उभी राहून बघत असते. तिचं अर्पण आता दुसऱ्याच्या मोठेपणाचं निमित्त झालेलं असतं.

लिलाव बंद करा असं आम्ही म्हणणार नाही, त्यातली मजा गेली तर सणच सुकेल. पण नियमशास्त्रात एक तरतूद आहे, आणि तिला मराठीत आपल्याकडे नेमका शब्द आहे: सरवा. पीक काढताना शेताचे कोपरे पूर्ण कापायचे नाहीत, खाली पडलेली कणसं वेचायची नाहीत, ती गरिबाची आणि परक्याची. रूथ नावाची परदेशी विधवा अशीच बवाजाच्या शेतात सरवा वेचत होती. तर वेदीपुढे आलेल्या धान्याचा एक ठरलेला भाग लिलावाला काढूच नये. तो सरवा म्हणून बाजूला ठेवावा आणि त्यावर कुणाचं नाव नसावं, देणाऱ्याचंही आणि घेणाऱ्याचंही. बोलीची नावं माईकवर घेऊ नयेत. हिशेब मात्र फळ्यावर लिहावा, जमा किती आणि खर्च कशावर, सगळ्यांना वाचता येईल असा.

तो सरवा कुणासाठी, याचं उत्तर इथे शोधावं लागत नाही. बीड, धाराशिव भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत परत फिरायचं नाही. नाताळ येतो तेव्हा ही माणसं कारखान्याच्या परिसरात कोप्यांमध्ये असतात, पहाटे फडात आणि रात्री गाडी भरायला. गावातल्या मंडळीत तेव्हा तारे लागलेले, केक कापलेला, गायनमंडळाचे नवे गणवेश. बाजाराच्या हिशेबाने बघितलं तर ऊसतोड कुटुंब हे मंडळीचं फार वाईट गिऱ्हाईक आहे. पाच महिने येत नाही, दान देत नाही, संदेश 'लाईव्ह' बघायला त्याच्याकडे डेटा नाही आणि जागं राहायला त्राण नाही. अशी कुटुंबं नोंदवहीतून कुणी काढत नाही. ती आपोआप पुसट होतात. परत आल्यावर पोरांना गाणी येत नसतात, मग ती मागे बसतात, मग येत नाहीत.

यावर पाळकाने करण्यासारखं काम अगदी साधं आहे आणि दमवणारं आहे. नाताळच्या आठवड्यात एक दिवस गावातला कार्यक्रम सोडून कोपीवर जायचं. बरोबर गायनमंडळातली दोन पोरं, सरव्यातलं धान्य, प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला. दानाची थैली घरी ठेवून जायचं. तिथली उपासना अर्ध्या तासाची असेल, कारण पुढची गाडी कधी लागेल सांगता येत नाही. माणसं फडातून उशिराच येतील, तोवर थांबायचं. करिंथकरांना जे जमलं नव्हतं ते एवढंच होतं.